शेतनोंद : दोन बोटी आणि आईचा माळ



या पानावर मी आपल्याच रानातलं लिहितो. आजची नोंद मात्र लांबच्या रानाची आहे. मे महिन्यात मी आणि सौ. लेकीकडं ग्लासगोला गेलो होतो. लेक तिथं दवाखान्यात नर्स आहे. मृगाच्या आत परत यायचं ठरवूनच निघालो होतो, त्यामुळं पेरणी सोडून फिरायला गेला असं कुणी म्हणू नये. लेक-जावयांनी सुट्टी काढून आम्हाला स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात जी बेटांची रांग आहे, हेब्रिडीज म्हणतात, तिकडं नेलं. त्यातल्या एकाच दिवसाची ही नोंद. सकाळी हॅरिस, संध्याकाळी बॅरा. मध्ये दोन बोटी आणि बाकी गाडीरस्ता.

जाण्याआधी घरात एक विषय अर्धवट राहिला होता. आमच्या तीन एकर माळाला गिऱ्हाईक आलंय. रस्ता मोठा झाल्यापासून प्लॉटिंगवाले चकरा मारतात. सातबारा आईच्या नावावर. आई म्हणाली, "मी हाय तवर न्हाई." मी तिला चढ्या आवाजात बोललो, "त्या मुरमाटात आहे काय एवढं?" आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसलो. या गोष्टीचा त्या दिवसाशी संबंध आहे म्हणून आधी सांगून ठेवली.

सकाळी आठला टार्बर्टहून निघालो. जावई म्हणाले, बोटीला वेळ आहे, पूर्व किनाऱ्याच्या जुन्या रस्त्यानं जाऊ. रस्ता एकेरी. दर थोड्या अंतरावर बाजूला एक गाडी थांबेल एवढी जागा केलेली. समोरून गाडी आली की ज्याला जागा जवळ तो थांबतो, दुसरा हात वर करून जातो. दिवसभरात एकदाही कुणी हॉर्न वाजवला नाही. वाटेत फक्त मेंढ्या कुणाला जुमानत नव्हत्या.

आता जमिनीचं सांगतो. हॅरिसचा पूर्व किनारा म्हणजे नुसता खडक. करडा, उघडा, गुळगुळीत घासलेला. हा दगड जगातल्या फार जुन्या दगडांत मोडतो, सुमारे 300 कोटी वर्षांपर्यंतचा. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढं लेकरूच. त्या खडकांच्या फटीफटीत मला हिरवे वरंबे दिसले. कुठं दोन, कुठं चार, कुठं एका खोलीएवढ्या जागेत एकच. मी गाडी थांबवायला लावली.

जवळ जाऊन बघितलं. साधारण वावभर रुंदीचे वरंबे, मधे पाणी जायला खोल सरी. आता त्यात कुणी काही लावत नाही, गवतच आहे, पण आकार अजून मोडला नाही. लेकीनं तिथल्या फलकावरचं वाचून सांगितलं. इथं माती नव्हतीच. लोकांनी समुद्रातलं शेवाळ पाठीवरच्या टोपल्यांतून आणलं, खडकावर पसरलं, वर पीटची काळी माती टाकली, दोन्ही बाजूंनी कुदळीनं ओढून वरंबा केला आणि त्यात बटाटा, ओट लावला. दरवर्षी परत शेवाळ, परत टोपल्या. त्यांच्या गेलिक भाषेत या वरंब्यांना वेगळं नाव आहे, पण इंग्रजीत 'लेझी बेड' म्हणतात. म्हणजे आळशी वाफा. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं डोक्यावर कधी पाटी घेतली नसणार.

मी विचारलं, पण माणसं इथं मरायला आली कशाला? चांगली जमीन नव्हती का?

होती. तीच तर गोष्ट आहे. बेटाच्या पश्चिमेला सपाट, वाळूमिश्रित, गवताची सुंदर जमीन आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहायचे. पण ते कुळं होते, मालक एकच जमीनदार. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांना मेंढ्यांचं मोठं कुरण परवडायला लागलं आणि माणसं परवडेनाशी झाली. गावंच्या गावं उठवली. काही जहाजात घालून कॅनडाला गेली, काही या खडकावर आली. आणखी एक गोष्ट लेकीनं वाचली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. या पूर्व बाजूला माती एवढी कमी की माणूस पुरायलाही पुरायची नाही. मयत झालं की मढं खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून पश्चिमेला न्यायचे, आपल्या जुन्या जमिनीत पुरायला. त्या वाटेला अजून मढ्यांचीच वाट म्हणतात.

मंडळी, मला अप्पा आठवले. माझे वडील. आमचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा मी पाळण्यात होतो. नदीकाठची काळी, बैल घोट्याइतका रुतायचा अशी जमीन गेली आणि पुनर्वसनात हा माळ मिळाला. पहार मारली की ठिणगी निघायची. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की अप्पा आणि आई बैलगाडी घेऊन जायचे आणि आपल्याच बुडालेल्या रानातला गाळ भरून माळावर आणून टाकायचे. मी गाडीत गाळावर बसून यायचो, एवढंच मला आठवतं. मला तो खेळ वाटायचा.

सौ.नं माझ्याकडं बघितलं, पण बोलली काही नाही. लेक म्हणाली, "अण्णा, बोट चुकेल."

बोट लेव्हरबर्गहून होती. या गावाच्या नावाचीही गोष्ट आहे. लिव्हर म्हणजे तोच, सनलाइट साबणवाला. आपल्या घरात लहानपणी जो पिवळा साबण असायचा त्या कंपनीचा मूळ पुरुष. त्यानं 1918 मध्ये लुईस आणि 1919 मध्ये हॅरिस विकत घेतलं. लुईस आणि हॅरिस ही एकाच बेटाची दोन अंगं. त्याला इथं मासेमारीचा मोठा धंदा उभा करायचा होता. माणूस वाईट नव्हता, पैसाही ओतला. पण पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या लोकांना जमीन पाहिजे होती आणि याला त्या जमिनीवर शहराला दूध पुरवायला मोठे गोठे पाहिजे होते. लोकांनी त्याच्या फार्मवर घुसून खुंट्या ठोकल्या. 1925 मध्ये तो वारला आणि हॅरिसमधलं काम तिथंच थांबलं. गावाला नाव तेवढं राहिलं.

साबणाचा या बेटांशी त्याच्याही आधीचा संबंध आहे. इथलं शेवाळ जाळून राख करायचे, तिच्यातला सोडा साबणाला आणि काचेला लागायचा. युरोपात लढाया चालू होत्या तोवर बाहेरचा माल बंद, म्हणून राखेला भाव. जमीनदारांनी माणसं बेटावर धरून ठेवली, कारण शेवाळ गोळा करायला हात लागत होते. 1815 मध्ये लढाई संपली, बाहेरचा माल आला, भाव कोसळला. मग तीच माणसं जास्तीची झाली. त्यावर 1846 मध्ये बटाट्यावर करपा आला. आपण बटाटा-टोमॅटोवर बघतो तोच उशिराचा करपा. एकाच पिकावर सगळं गाव उभं होतं, ते बसलं. आयात उघडली की इथला भाव पडतो, आणि एकाच पिकावर राहिलं की एकच रोग पुरतो. हे मला कुणी पुस्तकातनं समजावून सांगायची गरज नव्हती.

बोटीच्या धक्क्यावर रांगांना नंबर टाकलेले. गाडी रांगेत लावायची आणि बसून राहायचं. ढकलाढकली नाही. भाड्याचा हिशोबही ऐकण्यासारखा आहे. 2008 पासून या बेटांसाठी भाडं असं लावलं की तेवढंच अंतर रस्त्यानं कापायला जो खर्च येईल त्या हिशोबानं बोटीचं तिकीट. म्हणजे समुद्र हा रस्ताच धरायचा. बेटावर राहतो म्हणून माणसाला दंड नको. आपल्याकडं आडवळणाच्या गावाला एसटी बंद करताना कुणी असा विचार केला तर बरं होईल.

बोट सुमारे तासाभराची. अंतर थोडं, पण समुद्रात खडक इतके की बोट सरळ जातच नाही. लाल-हिरव्या खुणा बघत डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. नांगरट केल्यासारखी वळते. सौ.नं दशम्या आणि शेंगाचटणी काढली. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आपल्या कुत्र्याला घेऊन बसले होते. मेंढ्या राखायचं कुत्रं, नजर एकदम तीक्ष्ण. त्यांना दशमी दिली. चटणी तिखट लागली, डोळ्यात पाणी आलं, पण परत मागितली. मग बोलणं निघालं. लेक दुभाष्या.

ते उत्तर युइस्टचे क्रॉफ्टर. क्रॉफ्टर म्हणजे लहान तुकड्याचा कूळ-शेतकरी. 1886 मध्ये कायदा झाला. खंड ठरवून मिळाला, जमीनदाराला मनात आलं म्हणून काढून टाकता येईना, आणि हक्क वारसाला जायला लागला. आपल्या कूळ कायद्याचा थोरला भाऊच म्हणा. फरक एवढा की आपल्याकडं कसेल तो मालक झाला, तिथं बरेच जण अजून कूळच आहेत. 1976 पासून विकत घ्यायचा हक्क आहे, पण सगळ्यांनी घेतला नाही. म्हाताऱ्यांकडं सात एकर घराजवळ आणि गावाच्या सामाईक कुरणात ठराविक मेंढ्या चारायचा वाटा. आपलं गायरान, पण प्रत्येकाची जनावरं मोजलेली. पोट त्यावर भरत नाही. आयुष्यभर शाळेची गाडी चालवली, म्हणाले.

मी विचारलं, तुमच्यानंतर कोण करणार? त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले. मुलगा ॲबर्डीनला तेलाच्या कंपनीत. कायदा असा आहे की क्रॉफ्टपासून 32 किलोमीटरच्या आत राहायचं आणि जमीन कसायची, पडीक टाकायची नाही. मुलगा येणार नाही. गिऱ्हाइकं आहेत, बाहेरची, सुट्टीतल्या घरासाठी पैसे मोजणारी. "मग देणार?" मी विचारलं. ते म्हणाले, गावात एक तरुण जोडपं आहे, त्यांना गुरं वाढवायची आहेत. त्यांच्याकडं पैसे कमी आहेत. मी अजून ठरवलं नाही.

मीही अजून ठरवलं नाही, असं मी लेकीला सांगायला लावलं. तिनं सांगितलं की नाही कोण जाणे, कारण ती माझ्याकडंच बघत राहिली. "अण्णा, आज्जीला नीट विचारलंत का तुम्ही?"

बर्नरे बेटावर उतरलो. इथनं पुढं एरिस्केपर्यंत बोट लागत नाही. समुद्रात दगडी भराव टाकून बेटं एकमेकांना जोडली आहेत. बर्नरेचा भराव 1999 चा, उत्तर युइस्ट आणि बेनबेक्युलामधला 1960 चा, एरिस्केचा 2001 चा. त्याआधी ओहोटी लागली की लोक वाळूतनं चालत किंवा घोडागाडीनं पलीकडं जायचे, आणि भरतीचा हिशोब चुकला तर संपलं. भरावावर एके ठिकाणी पाटी होती, पाणमांजरं रस्ता ओलांडतात, सावकाश जा. दिसलं मात्र एकही नाही.

हे लिहिताना एक नोंदवायलाच पाहिजे. जानेवारी 2005 च्या वादळात दक्षिण युइस्टला एकाच घरातली पाच माणसं पाणी चढतंय म्हणून घर सोडून निघाली आणि वाटेतच समुद्रानं नेली. जमीन एवढी सखल आहे. समुद्राकडं बघून शेती करायची म्हणजे काय, ते त्या रस्त्यावर कळतं.

आता मुख्य रान. या बेटांच्या पश्चिम बाजूला जी जमीन आहे तिला माखर म्हणतात. वाऱ्यानं समुद्रातल्या शिंपल्यांचा चुरा किनाऱ्यावर आणून टाकला, त्यावर गवत आलं, हजारो वर्षांत जमीन झाली. पूर्व बाजूला पीट, म्हणजे ओलीत न कुजता साठलेली वनस्पती. तिचा सामू चारच्या आसपास, आंबट. पश्चिमेला शिंपल्याची वाळू, सामू साडेसातच्या वर. रस्त्याच्या एका बाजूला आंबट आणि दुसऱ्या बाजूला चुनखड, मध्ये डांबर. असं रान मी जन्मात बघितलं नव्हतं.

दुपारी मासा-बटाट्याच्या पुडक्याबरोबर व्हिनेगरची पुडी मिळाली होती. ती खिशात ठेवली होती. दक्षिण युइस्टला एका नांगरलेल्या पट्ट्याच्या कडेला चिमूटभर वाळू तळहातावर घेतली आणि वर चार थेंब टाकले. फसफसून फेस आला. जावई म्हणाले, "अण्णा, हे काय?" म्हणलं, जावईबापू, ही आमची प्रयोगशाळा.

पेरा नुकताच उगवला होता. हे लोक काळा ओट, राय आणि बेअर नावाचं जुनं बार्ली असा मिश्र पेरा करतात, हिवाळ्यात गुरांना घालायला. बी घरचं. आधुनिक बार्ली इथं मार खाते. कारण चुनखडीत मँगेनीज असूनही पिकाला मिळत नाही. बेअर मात्र तेवढ्यातूनही ओढून घेतं, पिढ्यान्‌पिढ्या इथंच निवडलं गेलंय म्हणून. आपल्याकडं चुनखडीच्या पट्ट्यात उसावर केवडा पडतो, लोह असून लागू होत नाही, तोच प्रकार. आपण फेरस सल्फेट आणि चिलेटेड लोहाच्या बाटल्या आणतो. त्यांनी बी जपलं.

खताला शेवाळ. हिवाळी वादळात किनाऱ्यावर ढीग येऊन पडतो, तो ट्रॉलीनं रानात पसरतात. पालाश मिळतं आणि मुख्य म्हणजे वाळू उडत नाही. नांगर उथळ. एक-दोन वर्षं पीक, मग तेवढीच पड, पडीत फुलं. मी गेलो तेव्हा पिवळी-पांढरी फुलं सुरू झाली होती आणि टिटवीसारखे पक्षी ओरडत होते. कुठं हिरवळीच्या खताची पोती नाहीत, पडच ते काम करते.

आणि जमीन कुणाची? 30 नोव्हेंबर 2006 पासून दक्षिण युइस्ट, एरिस्के आणि बेनबेक्युलाचा काही भाग, मिळून 93,000 एकर, तिथल्या रहिवाशांच्या संस्थेचे आहेत. याच दक्षिण युइस्टवरून 1851 मध्ये जमीनदारानं माणसं जबरदस्तीनं जहाजात घालून कॅनडाला पाठवली होती. दीडशे वर्षांनी मागं राहिलेल्यांनी मिळून मालकी घेतली.

माझ्या या वाळूतल्या उद्योगात अर्धा-पाऊण तास गेला. पुढं एक ट्रॅक्टर आडवा, मग मेंढ्या. लेक घड्याळ बघत होती. एरिस्केच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा गाड्या आत चढायला लागल्या होत्या. कर्मचाऱ्यानं हात दाखवला, आमची गाडी शेवटची चढली. ही बोट चुकली असती तर त्या रात्री मुक्काम गाडीतच होता. सगळे माझ्यावर चिडले होते आणि मी आपली मूठ तपासत होतो, शिंपल्याची थोडी वाळू नखात राहिली होती.

एरिस्केचं एक सांगतो. या बेटाची घोड्यांची स्वतःची जात आहे, बुटकी आणि गरीब स्वभावाची. दोन्ही बाजूंना टोपल्या लावून शेवाळ आणि पीट वाहायचं काम त्यांचं. ट्रॅक्टर आले आणि जात संपायला आली होती. आपल्या बैलांचं काय होतंय ते तुम्हाला सांगायला नको.

चाळीस मिनिटांत बॅरा. धक्क्याजवळच विमानतळ, आणि तो म्हणजे समुद्रकिनाऱ्याची ओली वाळू. ओहोटी असेल तेव्हाच विमान उतरतं, वेळापत्रक समुद्र ठरवतो. रात्री दहाला बाहेर उजेड होता. झोप लागेना. घरी फोन करावा म्हणलं तर तिकडं रात्रीचे अडीच वाजलेले.

सकाळी सहाला केला. आईनंच उचलला.

"आई, अप्पांनी किती वर्षं गाळ ओढला गं माळावर?"

ती जरा थांबली. "सात उन्हाळे. एक बैल त्यातच गेला. का रं?"

"काही नाही. असंच."

"तिकडं पाऊस हाय का?"

"हाय."

"मग काय माळाचं डोक्यात आलं?" मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "ती मातीच आपल्या जुन्या गावाची हाय रं. बाकी सगळं पाण्यात हाय."

मंडळी, मी पन्नाशी ओलांडली आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी त्याला मुरमाट म्हणत होतो.

परत आल्यावर गिऱ्हाइकाला सध्या नाही म्हणून कळवलं. आईची माफी वगैरे मागितली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. माळावर तिच्याबरोबर जाऊन एक खड्डा घेतला. वरचा फूट-सव्वा फूट काळा थर आणि खाली मुरूम, मधे कात्रीनं कापल्यासारखी रेघ. तिनं काठीनं ती रेघ दाखवली. पोराशी बोलणं अजून राहिलंय. तो पुण्याला आहे, त्याला कर्ज आहे, त्याचा मुद्दाही खोटा नाही. बोटीवरच्या म्हाताऱ्यांचं काय ठरलं असेल, याचा अधूनमधून विचार येतो.

जाणकारांना एक विचारायचं आहे. चुनखडीच्या रानात केवडा कमी पडणारी जुनी, गावठी वाणं कुणाकडं जपलेली आहेत का? भुईमूग, ज्वारी, काहीही. असतील तर कळवा. बी मूठभर मिळालं तरी चालेल, त्या माळाच्या खालच्या अंगाला चुनखड आहे, तिथं लावून बघतो आणि इथंच नोंद टाकतो.

राम राम.